आपल्या माणसांचा वास

त्या वर्षी मिरजेत लोक दार उघडण्याआधी नाकाशी कापूर धरू लागले होते. परक्यांसाठी नव्हे. कुरिअरवाला आला तर दार सताड उघडायचं. बाहेर मावसबहीण, जाऊ नाहीतर शाळेतली मैत्रीण दिसली, तर मात्र आधी कापूर.

श्रुतिका बिरनाळेला तर कापूर धरूनसुद्धा कुणी दार उघडेनासं झालं होतं.

दीड वर्षापूर्वी ती ‘आप्तबंध’च्या साखळीत शिरली, तेव्हा तिला दिवस गेले होते आणि शाळेतली नोकरी नुकतीच सुटली होती. “आपल्याच माणसांत बसायचं, चहा प्यायचा आणि कमवायचं, यात कसली लाज?” असं वैदेहीताई म्हणाली होती. साखळीत जी तुम्हाला आत घेते ती तुमची ‘वरची’ आणि तुम्ही जिला घेता ती ‘खालची’. वैदेहीताई श्रुतिकाची वरची. माल म्हणजे पोषक भुकटीचे डबे. तसले डबे कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळत. पण आप्तबंधचा सगळा जोर होता गंधटिकलीवर.

प्रत्येकाच्या अंगाला स्वतःचा असा एक वास असतो. आपल्याला तो जाणवतोच असं नाही, मेंदूला मात्र कळतो. ज्यांच्या ताटात जेवलो, ज्यांच्या पांघरुणात झोपलो, त्यांचा वास मेंदू ‘हे आपलं माणूस’ म्हणून जपून ठेवतो. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं आप्तगंध. कानामागे चिकटवायची, मसुरीच्या दाण्याएवढी ती टिकली तुमचा आप्तगंध वीसपट करून हवेत सोडायची. परक्यावर तिचा काडीचाही परिणाम होत नसे. पण ज्याच्या मनात तुमची जागा आधीपासून होती, तो समोर बसल्या बसल्या विरघळायचा. मामी म्हणायची, “ठेव गं दोन डबे, तू आणलेस म्हणजे चांगलेच असणार.” बालमैत्रीण सही करून खालची व्हायची. म्हणून माल आपल्याच माणसांना विकायचा, हा आप्तबंधचा पहिला नियम.

चारू झाल्यावर वैदेहीताईनं दुसरा नियम सांगितला. “बाळाला घेऊन जात जा. मांडीवर तान्हं असलं की कुणाच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही.”

श्रुतिका घेऊन गेली. घरोघरी, दिवसदिवसभर. चारू तिच्या मानेत नाक खुपसून पडायची, कानामागच्या टिकलीपासून बोटभर अंतरावर, आणि आईला वाटायचं, किती बिलगते माझी चिमणी!

चारू आता नऊ महिन्यांची होती. पंधरा दिवसांपासून आईनं उचललं की ती धनुष्यासारखी मागे वाकायची. छातीशी धरलं की तोंड फिरवायची. रडायची नाही, हेच श्रुतिकाला सोसवत नव्हतं. रडणाऱ्या बाळाला समजावता तरी येतं. आत्यानं घेतलं की मात्र तिच्या झुमक्याशी खेळत हसायची.

शेवटी ती चारूला घेऊन डॉक्टर यास्मिन मुजावर यांच्या प्रयोगशाळेत गेली. म्हणजे घेऊन गेली तिची नणंद त्रिशला. श्रुतिका चार पावलं मागून चालत होती. डॉक्टरांनी घरातल्या चौघांनी दिवसभर अंगाशी बाळगलेले कापडाचे चौकोन मागवले होते. बाबाच्या कापडाला चारू हसली. आजीचं तिनं चोखायला घेतलं. आत्याचं तर सोडेचना. चौथं कापड जवळ नेताच तिनं मान भिंतीकडे वळवली, आणि पडद्यावर तिच्या ठोक्यांची रेघ उसळली.

“तुम्हाला शिरा आवडतो?” डॉक्टरांनी विचारलं.

श्रुतिकाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “नाही. लहानपणी एकदा खाऊन ओकले होते. तेव्हापासून वाससुद्धा नको वाटतो.”

“शिरा नासला होता?”

“नाही. मीच फार खाल्ला होता.”

“हेच झालंय. सोसेल त्याच्यापलीकडे मिळालं की मेंदू दार लावून घेतो. याला आम्ही गंधवीट म्हणतो. मोठ्यांना सात-आठ भेटींत येतो. बाळ तर सारखं तुमच्याजवळ.”

“पण मामी, मैत्रिणी… मला वाटलं, डबे गळ्यात मारले म्हणून तुटल्या.”

“त्यांनाही तसंच वाटत असेल. टिकलीनं आपलेपणा आणला कुठून? तुमचाच साठलेला होता, तिनं उपसा वाढवला. विहीर कोरडी पडली.”

त्रिशला लांब, उघड्या खिडकीत बसली होती. “म्हणजे डॉक्टर, मला वहिनीचा राग येतो तो खोटा?”

“थोडा खराही असेल.”

“असणारच! अकरा डबे पडलेत माझ्या कपाटात. उंदीरसुद्धा तोंड लावत नाहीत.”

श्रुतिकानं विचारलं, “उपाय?”

“टिकली बंद. आणि तुमचा वास चारूपासून पूर्ण तोडायचा. वेगळं घर, दीड-दोन वर्षं. मग कदाचित तिचा मेंदू तुम्हाला नव्यानं जागा देईल.”

“आणि नाही दिली तर?”

डॉक्टर चारूच्या पायातला निसटलेला मोजा वर ओढत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वैदेहीताईचा फोन आला. “अगं, रडतेस काय? तू काय एकटीच आहेस? कंपनीनं त्याच्यावर उपाय काढलाय. परगंधी टिकली. वास दुसऱ्याचा, लावायची तू. बाळाचा जास्त जीव कुणावर आहे?”

“आत्यावर.”

“मग आत्याची सही घे. ती तुझी खालची होईल आणि तिच्या कपड्यावरून टिकली होईल. बाळ झेपावतं की नाही बघ!”

श्रुतिकानं डॉक्टरांना फोन लावला. परगंधी टिकलीचं सांगितलं. मग डॉक्टर म्हणाल्या, “चार महिने चालेल. नंतर चारूला वीट येईल. टिकलीचा नाही, त्रिशलाचा. हे तिला सांगितल्याशिवाय सही घेऊ नका.”

“नाही घेणार,” श्रुतिका म्हणाली, आणि म्हणताना तिला तसंच वाटत होतं.

त्रिशला भाजी निवडत होती. पाळण्यात चारू स्वतःच्याच हातांकडे पाहत पडली होती. श्रुतिका दारातच थांबली. नणंदेला त्रास नको म्हणून आताशा ती दारातूनच बोलायची.

“काय वहिनी, आता काय विकायला आलीस?”

“त्रिशू, एक सही हवी होती.” पुढचं सगळं तिनं मनात जुळवून आणलं होतं. तेवढ्यात चारूनं तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. “चारूला जवळ घेता येईल, म्हणतात.”

त्रिशलानं काय, कसं, काहीच विचारलं नाही. पदराला हात पुसले. “चारूसाठी ना? मग आण इकडे.”

टिकली न लावता मिळालेली ती श्रुतिकाची पहिली सही होती.

आठ दिवसांनी, भर दुपारी, तिनं नवी टिकली लावली आणि पाळण्यापुढे हात केले. चारूनं हुंगलं, आणि झेपावली. पूर्ण अंगानिशी, जीव खाऊन. आईच्या खांद्यावर डोकं टाकून तिनं इवल्याशा हातानं कान चाचपला, आत्याचा झुमका शोधला. झुमका नव्हता. तरी ती झोपली.

श्रुतिका हलली नाही. खांद्यावरच्या त्या उबेला धक्का लागू नये म्हणून तिनं श्वाससुद्धा हळू घेतला. चार महिने त्रिशला. मग तिचा नवरा अभिनंदन, तो बाप आहे, नाही म्हणणार नाही. त्याच्यानंतर सासूबाई. म्हणजे वर्ष निघेल. पुढे कोण, ते तिला सुचेना. घरातली माणसं तिथंच संपत होती.

मग तिला वाटलं, तोवर चारू पाळणाघरात जाऊ लागेल. तिथं एखादी मावशी तिला लळा लावेल. एखादी मैत्रीण तर होईलच.