कुठेच न जाणारी नळी

काल सकाळी झकास चालणारी गाडी आज अशी थडथडते का? दसऱ्याच्या दुपारी मिरजेतल्या आपल्या अंगणात दिगंबर आजोबा हाच प्रश्न साऱ्या जगाला विचारत होते. जग म्हणजे नात शाल्मली आणि घरातला यंत्रमानव खटपट्या. आजोबा शास्त्रज्ञ होते. निवृत्त झाले होते, पण तापटपणातून नव्हे.

त्या काळी पेट्रोलच्या गाड्यांना वर्षातून एकदाच, सीमोल्लंघनापुरती, रस्त्यावर यायची मुभा होती. तीही इंजिन सुरळीत चाललं तर. नाहीतर इंजिन काढून गाडी कायमची संग्रहालयात. तपासनीस चार वाजता येणार होते.

"काल धुताना पाणी घातलंस ना इंजिनात?" आजोबा खटपट्यावर कडाडले. "गाडी गेली, तर तूही कंपनीत परत जाशील!"

"पाहू या," खटपट्या म्हणाला. त्याने चालू इंजिनाच्या स्पार्क प्लगची (ठिणगी पाडणाऱ्या भागाची) एकेक वायर काढून परत लावली. दरवेळी इंजिन जास्तच अडखळलं. "चारही प्लग कामावर हजर आहेत. एखादा झोपला असता, तर त्याची वायर काढून काहीच फरक पडला नसता."

मग त्याने चोक (हवा कमी करणारी झडप) जरा ओढला आणि इंजिन थोडं सुधारलं.

"हवा कमी केल्यावर बरं वाटतं. म्हणजे हवा जास्त होतेय!" शाल्मली म्हणाली.

"बरोबर. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. ते माप कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) सांभाळतो. पण त्याच्या पुढे एखादं भोक उघडं राहिलं, तर इंजिन तिथूनही हवा ओढतं. मिश्रण पातळ होतं. वेगात ते खपून जातं, संथ चालताना मात्र इंजिन अडखळतं. ऐका, कुठेतरी सुस्स आवाज येतोय."

शाल्मलीची नजर तोरणाकडे गेली. सकाळी झेंडूचं तोरण गाडीला बांधताना दोरा कमी पडला होता. बॉनेटखाली तिला बोटभर रबरी नळी दिसली होती, एका टोकाला बंद. कुठेच जात नाही म्हणजे बिनकामाची, असं समजून तिने ती उपटली आणि दोऱ्याला जोडून तोरण बांधलं.

"म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याने तूच काहीतरी उडवलंस!" आजोबा पुन्हा खटपट्यावर घसरले.

"शक्य आहे," तो म्हणाला.

शाल्मली तोरणातली फुलं उगाच सारखी करत राहिली. आपण किती भित्र्या आहोत, हे तिला त्या क्षणी कळलं आणि स्वतःचाच राग आला.

"माझी बोटं धातूची, हवा अडणार नाही. तुझं बोट ठेव इथे," खटपट्याने कार्ब्युरेटरच्या पुढच्या पाइपवरचं एक उघडं तोंड दाखवलं. तिने बोट ठेवलं. इंजिनाने ते घट्ट ओढून धरलं आणि थडथड एकदम थांबली.

"शाब्बास! माझ्या नातीने शोधलं!" आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या मात्र तिला सोसवेनात. कान तापले, डोळे भरून आले. "आजोबा, मी शोधलं नाही. मीच काढलं," ती रडत म्हणाली. "ती नळी तोरणात आहे. खटपट्या बोलणी खात होता आणि मी ऐकत उभी होते."

आजोबांनी इंजिन बंद केलं.

"तू निदान आत्ता बोललीस," ते म्हणाले. "मी तर काही न तपासताच त्याला दोषी ठरवलं. शास्त्रज्ञ म्हणे! चुकलो रे, खटपट्या."

शाल्मलीने तोरण सोडलं आणि नळी जागेवर बसवली. कुठेच न जाणाऱ्या त्या नळीचं काम एवढंच होतं, नको ती हवा अडवायची. चार वाजता इंजिन शहाण्यासारखं चाललं आणि तपासनिसांनी शिक्का दिला.

संध्याकाळी गावाच्या वेशीबाहेर तिने सोन्याचं पहिलं पान, आपट्याचं, खटपट्याच्या हातात ठेवलं. मान मात्र तिला अजून वर करता येत नव्हती.

"हे कुठे बसवायचं?" त्याने विचारलं.

"कुठेच नाही. नुसतं जवळ ठेव."

"म्हणजे कामाचं असणार," खटपट्या म्हणाला. "पुढच्या दसऱ्याला इंजिन आपण दोघं मिळून तपासू." तेव्हा कुठे तिने वर पाहिलं.