दोन पिवळ्या छत्र्या

"अय्या, तुम्ही!"

तोंडातून निघून गेलं आणि मी जीभ चावली. ऑफिसच्या दारात उभ्या असलेल्या त्या माणसाला मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे... पाहिलं होतं, पण वरून.

त्याच्या बुटांवर धूळ होती आणि हातात मिटलेली पिवळीधमक छत्री.

"आपण भेटलोय का कुठे?" त्यानं विचारलं.

"नाही... हो... विमानातून."

"तुम्ही विमान चालवता?"

"छे! मी रेघा मारते."

कप्पाळ माझं! आता याला काय सांगणार? विमानातून काढलेले फोटो एकमेकांना जोडून संगणकावर एक मोठं चित्र तयार होतं. त्यात बांध, कुंपण, भिंत शोधायची आणि त्यावरून जमिनीच्या हद्दी आखायच्या, हे माझं काम. फोटो नेमके जागेवर बसावेत म्हणून आधी कुणीतरी जमिनीवर चुन्याची मोठी फुली काढतं आणि विमान जाईपर्यंत ती राखत थांबतं. माझ्या प्रत्येक फुलीशेजारी एक पिवळा ठिपका असायचा. उन्हासाठी उघडलेली छत्री. मी रोज सकाळी त्या ठिपक्याला "काय, आलात का?" असं विचारायचे. नावही ठेवलं होतं, छत्रीवाला.

आणि आता तो ठिपका माझ्या टेबलापुढे उभा राहून म्हणत होता, "तुमची एक हद्द चुकलीय. ती झाडांची सावली आहे, बांध नाही."

"पण फोटोत तर..."

"दुपारनंतर ती पलीकडच्या शेतात पडते. मग रोज मालक बदलायचा का?"

मला हसू आवरेना. त्यालाही.

त्यानंतर तो येतच राहिला. फोनवर सुटेल अशी एखादी शंका घेऊन यायचा, खुर्ची ओढायचा, आणि शंका मिटली तरी उठायचं नाव घ्यायचा नाही. मला काही म्हणता काही कळेना. हा कामासाठी येतो की माझ्यासाठी? आणि मला नक्की कोण आवडतं... हा, की तो ठिपका? ठिपका निदान असा टक लावून बघत नसे!

एक दिवस तो छत्रीच्या बटणाशी चाळा करत म्हणाला, "माझी बदली झालीय. बरंच लांब. पुढच्या आठवड्यात जायचंय. त्याआधी, रविवारी... आमच्या आत्याकडे जेवायला याल? तिनंच मला वाढवलंय. तिला तुम्हाला बघायचंय."

"कशाला?" मी बावळटासारखं विचारलं.

"ते... आत्याच सांगेल."

"उद्या सांगते," मी म्हणाले. खरं तर तिथल्या तिथे नाचावंसं वाटत होतं.

त्याच दुपारी चित्राचा नवीन भाग उघडला. ओढ्याकाठी फुली, शेजारी पिवळी छत्री... आणि तिच्या पलीकडे आणखी एक पिवळी छत्री!

मी चित्र मोठं करून बघितलं. अगदी एकसारख्या, हौसेनं जोडीनं घेतल्यासारख्या. बरं, शेजारी बकऱ्यासुद्धा दोन. म्हणजे संसारच थाटलाय की यानं! मग माझ्याशी हे काय चाललंय? आणि आत्या? रात्रभर डोक्याचा नुसता भुगा झाला.

दुसऱ्या दिवशी तो हसत आला. "मग? येताय ना?"

"ओढ्याकाठच्या फुलीवर तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कुणी नाही, एकटाच होतो. हां, एक बकरी होती. सारखी फुलीवर येऊन बसायची. हाकलून हाकलून जीव गेला माझा."

"एकच?"

"एकच. बकऱ्यांची खानेसुमारी चाललीय का?"

तोंडावर खोटं बोलतोय! "मी नाही येणार रविवारी," मी म्हणाले.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो नुसतं "बरं" म्हणाला आणि निघून गेला. मला धड रागही येईना, धड रडूही येईना.

"काय गं, काय झालं?" आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे विभागाच्या साहेब, मागे येऊन उभ्या होत्या.

"खोटारडा आहे तो! म्हणतो एकच बकरी होती. बघा, या दोन आहेत."

मॅडमनी आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अगं वेडे, शिवण कुठे आहे ते बघ आधी."

शिवण म्हणजे दोन फोटो जिथे जोडतात ती जागा. ती बरोबर दोन छत्र्यांच्या मधून गेली होती. विमान एक पट्टा टिपून वळतं आणि शेजारचा पट्टा टिपत परत येतं. तेवढ्यात खालचा माणूस जागेवरून हलला, तर जोडलेल्या चित्रात तो दोनदा उमटतो. नव्या मुलींना हे मीच शिकवते! मी घाईघाईनं दोन्ही फोटो सुटे केले. पहिल्यात एक छत्री, एक बकरी. दुसऱ्यातही एक छत्री, एक बकरी. बकरी पुढे आणि छत्री तिच्या मागे.

"आता बसलीस काय? पळ!" मॅडम म्हणाल्या.

तो खाली जीपमध्ये मोजणीची तिपाई चढवत होता.

"तुम्ही एकटेच होता!" मी धापा टाकत ओरडले.

"मी तेच सांगत होतो..."

"आणि बकरीपण एकच होती!"

"अहो, तेही सांगितलं होतं."

मग मी शिवणीचं सगळं सांगून टाकलं. तो आधी गोंधळला, मग त्याचे कान लालबुंद झाले.

"म्हणजे... दुसऱ्या छत्रीचा राग आला होता तुम्हाला?"

"आला होता! खूप आला होता. कारण मला तू आवडतोस."

'तू' कसं निघालं कोण जाणे. त्यानं तिपाई खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "आत्याला काय सांगू?"

"येतेय म्हणून सांग. फक्त बकरीचं सांगू नकोस."

"ते तर सगळ्यात आधी सांगणार!"

बदली काही टळली नाही. तो गेला. फोनवर भांडत, हसत दिवस निघाले. परवा त्याच्या नव्या विभागाचे फोटो आले. टेकडीवर फुली, शेजारी पिवळी छत्री. मी आधी शिवण तपासली. ती छत्रीपासून लांब होती.

मॅडम वाकून बघत म्हणाल्या, "या वेळी एकच छत्री गं. एकटाच उभा आहे बिचारा."

"एकटा नाहीये, मॅडम."

"मग दुसरं कोण दिसतंय तुला?"

"दिसत नाही. छत्रीखाली आहे," मी म्हणाले. "विमान गेलं त्या दिवशी मी रजेवर होते, आठवतंय का?"