तीन नंबरचं टेबल

परतीच्या पावसात समीक्षाची स्कूटी मळवलीच्या रेल्वे फाटकाजवळ बंद पडली. समोरच्या गॅरेजमधून निलेश पाना घेऊनच बाहेर आला. प्लग पुसता पुसता त्याने नाक मुरडलं.

“मॅडम, तुमच्या हाताला हा कसला वास?”

“फॉर्मॅलिनचा. मेडिकल कॉलेजात शिकवते. पहिल्या वर्षाला, शरीररचना.”

त्याचा हात थांबला. “मंग आमचे वडील, आबा, तितंच हायेत.”

“नोकरीला?”

“न्हाई… देह दिला त्यांनी. मार्चात गेले.”

“आम्हाला नावं सांगत नाहीत,” ती म्हणाली. “नुसता नंबर असतो.”

“बरंय की. न्हाईतर आबांनी तुमच्याशी सोयरीक जुळवली असती माझी.” बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला.

त्यानंतर स्कूटी वरचेवर बिघडू लागली.

“हिला कायबी झालं न्हाई, मॅडम.”

“मग आवाज का येतो?”

“येतच न्हाई.”

“मला येतो ना!”

तो हसून चहा सांगायचा. भाजे लेण्यांच्या डोंगरावर ढग दिवसभर हलायचे नाहीत, आणि त्या मळकट उजेडात दोघं एकाच बाकावर, मध्ये एक हेल्मेट ठेवून बसायची. देह दिला म्हणून गावाने निलेशला फार बोल लावले होते. अग्नीच दिला नाही, तर दहाव्याला पिंड ठेवायचा तरी कुणाच्या नावाने, असं चुलते चारचौघांत म्हणाले होते. हे सांगताना त्याचं लक्ष चहात असायचं.

डिसेंबरातल्या एका दुपारी मात्र तो खुशीत होता.

“आबांचं डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट कडबाकुट्टीत अर्धं गेलं व्हतं. मोजायला मला त्यांनीच शिकवलं, आपल्या बोटांवर. पहिलीत बाईंनी इचारलं, हातांना बोटं किती? म्या म्हटलं, साडेनऊ!”

समीक्षा खळखळून हसली… आणि मध्येच तिने कप खाली ठेवला.

त्याच सकाळी विच्छेदनाच्या तीन नंबरच्या टेबलाशी तिने डाव्या हाताचे स्नायू शिकवले होते. कोपराखालच्या कंडरा, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, एकेक करून ओढल्या की बोटं वाकतात. मुलांना ते फार आवडतं. तीन बोटं वाकली होती. चौथं, अंगठ्याजवळचं, अर्धंच होतं.

पुढचे तीन आठवडे स्कूटी बिघडली नाही. जानेवारीतल्या एका सकाळी धुक्यातून आत शिरताना तिला कॉलेजच्या गेटशी निलेश दिसला.

“आमी गावठी म्हणून का?” त्याने सरळच विचारलं.

तिने ‘हो’ म्हटलं असतं तर तो निघून गेला असता, आणि त्याला कधीच काही कळलं नसतं.

“आबा माझ्याच टेबलावर आहेत, निलेश. त्यांचा हात… मीच उघडला. रोज उघडते.”

धुक्यात त्याच्या भुवया भिजल्या होत्या.

“पोरं हसतात का त्यांना?”

“पहिल्या दिवशी एक जण हसला. मी त्याला बाहेर काढलं.”

“नका काढू,” तो म्हणाला. “आबांना हसणारी पोरं लय आवडायची.”

त्याने तिचा उजवा हात हातात घेतला, पहिल्यांदाच. पालथा केला, उताणा केला, नीट पाहिला. मग हळूच सोडला.

“किती दिस चालतं हे?”

“जूनपर्यंत. मग आम्ही दहन करतो. तुम्हाला कळवतील.”

“म्हंजी भातलावणीपातुर.” त्याने आपल्या मोटरसायकलला किक मारली. “तोवर मी येत न्हाई, मॅडम. आबा शिकवतायत, मधी बोलायचं न्हाई.”

“आणि नंतर?” तिने घाईघाईने विचारलं.

“नंतर मला बोलायचं हाय, सोयरिकीचं.”

गाडी धुक्यात दिसेनाशी झाली. तिच्या मागे सकाळच्या तासाची घंटा झाली. समीक्षाने डोळे पुसले आणि वर्गाकडे वळली.