जवाबी कार्डं

१९३४ साली, समुद्रापासून दूर पूर्वेकडच्या धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघीच मास्तरणी. मी सुशीला आणि माझ्याच खोलीवर राहणाऱ्या शकुंतलाबाई. दोघींनीही समुद्र पाहिलेला नव्हता. दिवाळीच्या सुटीला रजा जोडून रत्नागिरीहून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं पाच दिवस पायी जायचं, असं मी ठरवलं. माझं ठरलं की ठरलं.

शाळेचे अध्यक्ष श्यामलालजी, तांदळाचे व्यापारी. अर्ज वाचून म्हणाले, "समुद्रावर कायले मरायले जाता जी बाई? कोण ठेवून घेईल तुमाले? हर गावचं लेखी आणा, मग रजा."

आणते म्हटलं! मुक्कामाच्या पाचही गावांतल्या हेडमास्तरांना त्याच दिवशी जवाबी कार्डं टाकली, उत्तराचं कोरं कार्ड जोडलेली. मग रविवारी पाठीवर सामान घेऊन चोरखमाऱ्याच्या तलावाकाठी सराव केला. तिथे माझ्या छत्रीची मूठ तडकली. शकुंतलाबाईंनी वेणीतली लाल फीत सोडून ती घट्ट बांधून दिली.

पहिलं कार्ड पूर्णगडचं आलं. "अवश्य या. गेल्या साली आपण दोघी उतरला होतात, त्याच खोलीत सोय करतो."

दुसऱ्या कुणी असतील, झालं! विजयदुर्गचंही तसंच. आचऱ्याचे मास्तर तर आमच्या चालण्याचं कौतुक करून थकत नव्हते. देवगडहून लिहून आलं, "आपली छत्री इथेच राहिली आहे. मुठीला लाल फीत आहे, तीच ना?"

छत्री समोर खुंटीला होती. मी उठून हात लावून पाहिला. फीत बांधून आठवडाही झाला नव्हता. घाबरले मी, खोटं कशाला बोलू?

पण पाचव्याची वाट न पाहता चारही कार्डं मी श्यामलालजींपुढे आपटली. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"पहले जाऊन आल्या? मंग सांगितलं काऊन नाही?" असं पुटपुटत त्यांनी सही ठोकली.

जिंकले! भर बाजारातून अर्ज फडकवत आले. कार्डं कुणी का लिहिली असेनात, समुद्र तर मिळाला!

खोलीवर पाचवं कार्ड येऊन पडलं होतं. मालवणचं.

"अवश्य या. गेल्या साली आपण एकट्याच पोचलात. सोबतच्या बाई कुठे राहिल्या, असं विचारलं, तर आपण नुसत्या हसलात."

शकुंतलाबाई गाणं गुणगुणत गाठोडं बांधत होत्या.

"काय म्हणून राहिले जी मालवणवाले?" त्यांनी विचारलं.

मी नुसती हसले.