पाण्यातून आलेली हजेरी

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर बंदराच्या कचेरीत जा. त्या सकाळचं वायरलेसवरचं सगळं बोलणं तिथे जपून ठेवलेलं असतं. मी ऐकायला मागितलं, तर म्हणाले, "नेमकं त्या दिवशी यंत्र बिघडलं होतं."

बिघडलं नव्हतं.

आणि रात्रही नव्हती. जूनमधला मंगळवार, सकाळचे साडेनऊ, लख्ख ऊन. अमेरिकेतल्या चेसापीकच्या खाडीतलं आमचं बंदर अकरा आठवड्यांनी उघडणार होतं.

अकरा आठवड्यांपूर्वी एक भरकटलेलं मालजहाज पुलाच्या खांबावर आदळलं आणि अख्खा पूल पाण्यात बसला. वर रात्रपाळीची माणसं खड्डे बुजवत होती. जहाज येतंय हे कळल्यावर पुलाकडे येणाऱ्या गाड्या थांबवल्या.

खड्डे बुजवणाऱ्यांना हाक मारायचं तेवढं राहिलं.

त्यांच्यात माझा धाकटा भाऊ होता, ओनेसिमो.

बाकीचे सापडले. तो नाही.

आमच्या ग्वाटेमालाच्या डोंगरात एक रीत आहे. माणूस घराबाहेर अपघातात गेला, की त्याची सावली त्याच जागी बसून राहते. घरच्या कुणीतरी तिथे जायचं. त्याचा शर्ट त्या जागी टेकवायचा, नाव घेऊन तीन हाका मारायच्या आणि मागे न बघता घरी आणायचं.

आई तिकडून फोनवर रोज तेच सांगायची. "फिदेन्सिओ, त्याच्या अंगावरून जहाजं जायच्या आत माझ्या लेकराला उठव. वाट एकदा तुडवली, की सावली उठत नाही रे."

मी कचेरीत गेलो. पाच मिनिटं मागितली. फक्त पाच.

"अकरा आठवडे बंदर बंद आहे," साहेब म्हणाला. "एकेक मिनिटाची किंमत कळते का तुम्हाला? आणि श्रद्धांजली ठेवलीय ना आम्ही. नावं वाचणार आहोत. बँड बोलावलाय."

बँड!

मी मोठ्या जहाजांना वाट दाखवत ओढून नेणाऱ्या बोटीवर काम करतो. पहिल्या जहाजापुढे आमचीच बोट चालणार होती. मी भावाचा शर्ट जॅकेटखाली कोंबला आणि चढलो.

"काय रे, एका रात्रीत पोट सुटलं?" कॅप्टन कुबिआक म्हणाले.

मी जॅकेटची चेन उघडून शर्ट दाखवला.

म्हाताऱ्याने टोपी काढली. इकडे तिकडे पाहिलं. "इंजिन कुरकुरतंय असं सांगतो त्यांना. दहा मिनिटं मिळतील. उरक."

पूल होता त्या जागी बोट थांबली. मी कठड्यावरून वाकलो. शर्ट पाण्याला टेकवला.

"ओनेसिमो! पाणी सोड, वाट धर. आई उंबऱ्यात उभी आहे. चल घरी!"

काही नाही.

दुसरी हाक. काही नाही.

तिसरी हाक मारताना माझा आवाज फाटला. शर्ट पानासारखा हलका तरंगत होता.

आणि मग... समुद्रपक्षी गप्प झाले.

धक्क्यावरचा बँड ऐकू येईना. इंजिनाची धडधड पायांना लागत होती, कानांना नाही.

फक्त वायरलेस चालू होता. धक्क्यावर कुणीतरी नावं वाचत होतं. एक नाव. दुसरं नाव. मुकादम सकाळी हजेरी घेतो, तसं.

"रुबेन टोवार."

...

"हजर."

उत्तर वायरलेसवर आलं.

आणि त्याच क्षणी बोटीच्या खालूनही.

आवाज माझ्या भावाचा होता. थोडा घोगरा, कामावर उशीर झाल्यासारखा घाईचा.

रुबेन टोवार या नावाचं माणूस आमच्या घरात कधी जन्मलंच नाही. ते भावाच्या कागदांवरचं नाव. खऱ्या नावाने इथे काम मिळालं नसतं. ते खोटे कागद मीच आणले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून ते नाव मीच त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. "ओनेसिमो म्हटलं की मान वळवायची नाही. आईने हाक मारली तरी नाही!" मान वळली, की बोटांवर लाकडी चमचा. तो हात पाठीमागे लपवायचा आणि हसायचा. "दादा, झोपेत विचार, चुकणार नाही."

चुकला नाही.

हातातला शर्ट जड झाला. ओल्या माणसाइतका जड.

"फिदेन्सिओ!" कुबिआक ओरडले. "जहाज आलं! मला बोट हलवावीच लागेल!"

भोंगा वाजला. जहाजाचं तोंड भिंतीसारखं आमच्यावर येत होतं.

मी ओरडलो. रडत ओरडलो, शिव्या देत ओरडलो. "रुबेन टोवार! पाळी संपली. घरी चल!"

शर्ट आपसूक वर आला. मी ओढला नव्हता.

जहाज त्या जागेवरून गेलं. धक्क्यावर टाळ्या पडल्या.

कुबिआकांनी त्या दिवसानंतर बोट सोडली. त्या "हजर"बद्दल ते अवाक्षर बोलत नाहीत.

शर्ट मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीला घातला. त्या संध्याकाळी आईचा फोन त्याच्याजवळ धरला. "ये रे माझ्या कणसा, ये रे माझ्या पाखरा... ओनेसिमो..." आई हाका मारत राहिली. बाहीतून पाणी ठिबकत राहिलं.

शेवटी मीच दात आवळून म्हणालो, "रुबेन टोवार."

"हजर."

आईच्या हाका तिथेच थांबल्या.

"फिदेन्सिओ," ती म्हणाली, "हा कुणाचा मुलगा घेऊन आलास?"

धक्क्यावर आता पितळी पाटी आहे. तिच्यावर रुबेन टोवार कोरलंय. ते बदला म्हणून मी तीनदा गेलो. "ओनेसिमो नावाचा कुणी आमच्या यादीत नव्हता," म्हणतात. त्यांच्या पुलावर तो मेला, आणि त्यांच्या यादीत तो नव्हता!

आठ महिने झाले. शर्ट सुकत नाही.

मी रोज त्याच टेबलाशी बसतो आणि त्याला त्याचं खरं नाव परत शिकवतो. चमचा तर मी केव्हाच जाळला.

"ओनेसिमो," मी हळूच म्हणतो.

ठिबकणं थांबतं.

आणि खुर्चीवरच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या... सावकाश पाठीमागे जातात.