कोरड्या खोलीतलं स्टूल

त्या दिवशीचं काम तसं नेहमीचंच होतं. गरम रोलरांची नवी खेप आली होती. त्यातले चार यंत्रात बसवायचे, प्रत्येकावरून पाचशे कागद काढायचे आणि पास की नापास ते लिहून सही करायची. प्रिंटरच्या कारखान्यात ती तपासनीस होती. सकाळी दहाला तिने केस जाळीत बांधले, पांढरा कोट चढवला आणि कोरड्या खोलीचं जाड दार मागे ओढून घेतलं.

त्या खोलीला खिडकी नव्हती. हवेतला ओलावा यंत्राने शोषलेला असे. तासाभरात ओठ फुटत, जीभ टाळूला चिकटे. कारण साधं होतं: रोलरांचा दोष कोरड्या हवेतच उघडा पडतो. टोनरच्या प्रिंटरमध्ये अक्षरं काळ्या भुकटीची असतात, गरम रोलर ती वितळवून कागदावर बसवतो. पण कोरड्या हवेत कागद घासून घासून रोलरवर स्थिर वीज साठते. मग भुकटी कागद सोडून रोलरलाच चिकटते आणि रोलर फिरून आला की तीच अक्षरं पुसट होऊन खाली पुन्हा उमटतात. कामगार त्याला भूतछाप म्हणत आणि हसत.

हा दोष घालवला तो तिच्या थोरल्या जाऊबाईंनी. धाकटीला या कारखान्यात चिकटवलं तेही त्यांनीच. रोलरच्या लेपात कोळशाची बारीक पूड किती मिसळली म्हणजे वीज आपोआप जमिनीत उतरते, हे त्यांनी दोन वर्षं बोटं भाजून घेत शोधलं आणि वहीत मांडलं. कारखान्याच्या साहेबांनी वही वाचायला म्हणून नेली आणि शोध साहेबांच्या नावावर लागला. जाऊबाईंनी तक्रार केली, चौकशी बसली. साक्षीला एकच माणूस होतं, धाकटी जाऊ. आदल्या संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "माझी बाजू घे म्हणत नाही. वही कुणाची, तेवढं सांग."

दुसऱ्या दिवशी वही साहेबांची असल्याच्या कागदावर तिने सही केली. जाऊबाईंना घरी बसवलं आणि त्यांची जागा तिला मिळाली.

त्या भांडल्या नाहीत. फक्त तिच्या हातून काही घ्यायचं त्यांनी बंद केलं. पुढे छातीच्या दुखण्याने दवाखान्यात पडल्या, घशाला कोरड पडली होती, हिने पाण्याचा पेला ओठांशी नेला तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवसांनी गेल्या. दीर आधीच गेलेले. मागे राहिलेली त्यांची नऊ वर्षांची मुलगी आता हिच्याच घरात वाढत होती.

तर त्या दिवशी, चाळिसाव्या कागदावर अक्षरांखाली पुसट छाप दिसली. तिने रोलर बदलला. तरी तेच. तिसरा, चौथा... छाप गडदच होत गेली. खोलीत तापलेल्या मेणासारखा वास कोंडला होता आणि कागद एकामागून एक सरपटत बाहेर येत होते.

तिने यंत्र थांबवलं आणि वीज मोजायचा छोटा मीटर रोलरसमोर धरला. शून्य. कागदाचा ट्रे, शून्य. मीटरच बिघडला असेल म्हणून ती मागे वळली, आणि हातातला आकडा पळायला लागला.

चारशे... दोन हजार... नऊ हजार व्होल्ट.

मीटरचं तोंड कोपऱ्यातल्या लाकडी स्टुलाकडे होतं. स्टूल रिकामं होतं. जाऊबाई नोंदी लिहायला तिथेच बसत.

तिने मीटर भिंतीकडे फिरवला. शून्य. पुन्हा स्टुलाकडे. नऊ हजार. तिने स्टुलाच्या फळीला अगदी टेकवून पाहिलं, तर फळीवर शून्य. आकडा चढत होता तो फळीच्या वर, हवेत, बसलेल्या माणसाचे खांदे येतील तिथे. तिच्या हातावरचा केसन् केस उभा राहिला. जाळीखाली केसांची मुळं हलकेच ओढली जात होती, स्टुलाच्या दिशेने.

तिने मीटर खाली घेतला नाही.

"ताई..." ती स्टुलाकडे बघत म्हणाली. "ताई, वही तुमचीच होती."

आकडा उतरला. सहा हजार.

"मला तुमची जागा हवी होती. म्हणून सही केली..."

तीन हजार. तिला रडू फुटलं. इतकी वर्षं छातीवर असलेला धोंडा कुणीतरी खालून हात लावून उचलतंय, असं झालं. अजून एखादं वाक्य, आणि सुटले.

तेवढ्यात दार उघडलं. साहेब आत आले. रोलरांचं काय झालं, इतका वेळ का, त्यांनी विचारलं. मग तिच्या तोंडाकडे पाहून थांबले.

"कुणाशी बोलत होतीस? वहीचं काय म्हणालीस?"

तिने मीटरकडे पाहिलं. तीन हजारांवर आकडा अगदी स्थिर होता. श्वास रोखून धरल्यासारखा.

"काही नाही, साहेब," ती म्हणाली. "तुमच्या वहीतलं पुडीचं प्रमाण आठवत होते."

आकडा शून्यावर आला. हळूहळू उतरला नाही. बसलेलं माणूस उठावं तसा एकदम गेला. साहेबांनी अर्धवट लोटलेलं ते जाड दार, जे दोन्ही हातांनी ओढावं लागे, आवाज न करता आणखी हातभर उघडलं आणि तसंच राहिलं. साहेब वाऱ्यावर चिडले. त्या इमारतीत वारा यायला जागाच नव्हती.

त्यानंतर चारही रोलरांनी स्वच्छ कागद दिले. तिने पास लिहून सही केली. हात थरथरला नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली.

संध्याकाळी ती भिजत घरी आली. तीन दिवस पावसाची झड लागली होती. भिंतींना ओल आली होती, दोरीवरचे कपडे वाळत नव्हते. अशा हवेत स्थिर वीज टिकतच नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. पुतणी खाटेवर पाठमोरी बसली होती, केस मोकळे सोडून. रोज काकूच वेणी घालायची. ती कंगवा घेऊन मागे गेली आणि जागच्या जागी थांबली.

पोरीचे दमट केस मधोमध भांग पडून दोन्ही बाजूंना तरंगत होते. बट बटीवरून जात होती, सावकाश, नीट. जाऊबाई घालायच्या तशी घट्ट वेणी खाली खाली येत होती.

कंगवा तिच्या हातातून सुटला. पोरीने मान वळवली नाही.

"राहू दे, काकू," ती शांतपणे म्हणाली. "तुझ्या हातून नको."