पाचवीचा वरवंटा

भीती कशाशी खातात हे जुलेखा सिस्टरला ठाऊक नव्हतं. शाहूपुरीतल्या त्या बाळांच्या दवाखान्यात तिची बावीस वर्षं गेलेली. काविळीनं पिवळी पडलेली किती पोरं तिनं निळ्या दिव्याखाली ठेवून ठणठणीत करून घरी धाडली, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या दुपारी तीन वाजता कान तपासायचं यंत्र घेऊन ती बाळांच्या खोलीत शिरली, तेही अगदी निवांत.

क्रांतीची आठ दिवसांची पोरगी काचेच्या पेटीत झोपली होती. चार दिवस दिव्याखाली काढल्यावर कावीळ उतरली होती. पण इतकी चढलेली कावीळ कधीकधी कानावर जाते, म्हणून घरी सोडण्याआधी ही तपासणी. कानात रबरी बोंड बसवायचं, यंत्र बारीक आवाज सोडतं आणि धडधाकट कान त्याला आतून हलकासा पडसाद देतो. पडसाद मिळाला की पडद्यावर ‘पास’ उमटतं.

उजव्या कानातून काही आलं नाही. डाव्यातूनही नाही. जुलेखानं बोंड पुसून पुन्हा बसवलं, तरी तेच.

दाराला धरून क्रांती उभी होती. “सिस्टर, ऐकती न्हवं माझी पोरगी?”

“दोनदा तपासावं लागतंयच. घाबरू नकोस,” जुलेखा म्हणाली.

कोपऱ्यात स्टुलावर क्रांतीची सासू बसली होती, गडमुडशिंगीची आक्का. मांडीवर अंगडं-टोपडं घातलेलं एक गाठोडं. खोलीत औषधाचा वास होता, पण तिच्याजवळ हळदीचा.

“तपासून उपेग न्हाय,” ती हळूच म्हणाली. “पाचवी चुकली आमची.”

“कशी काय?”

“पोर हितं दिव्याखाली. मग सटवाईपुढं काय रिकामा पाट ठिवायचा? वरवंट्याला पोरीचं अंगडं घालून निजवला. रातीला ती आली... अन् पोरीचं सगळं ह्येच्या कपाळी लिहून गेली.”

जुलेखाला हसूच आलं. “आक्का, दगडाला काय देणार ती?”

“काल माझ्या हातातनं परात पडली,” आक्का म्हणाली. “अन् ह्यो दचकला.”

आता मात्र सोक्षमोक्ष लावायलाच हवा होता. “हातच्या कांकणाला आरसा कशाला?” म्हणत जुलेखानं गाठोडं उचललं. टोपडं सारलं. आत काळा, हळद माखलेला वरवंटाच होता. तिनं हसत हसत बोंड दगडाला टेकवलं. पंखा घरघरत होता. यंत्र बराच वेळ गप्प राहिलं.

पास.

तिनं दुसऱ्या बाजूला टेकवलं.

पास.

जुलेखाचे हात गार पडले. वरवंटा मात्र उबदार होता, नुकत्याच पाजून झोपवलेल्या बाळाच्या पाठीइतका. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिला भीती वाटली, चांगलीच वाटली.

“काय आलं, सिस्टर?” क्रांतीनं विचारलं.

जुलेखानं यंत्र बाजूला ठेवलं. क्रांती पुढं आली आणि पेटीवर वाकली. “बाळा... ए बाळा...”

पेटीतल्या पोरीची पापणीसुद्धा हलली नाही. जुलेखाच्या हातात मात्र, अंगड्याच्या आत, काहीतरी सावकाश त्या आवाजाकडं वळलं.

क्रांतीनं ते पाहिलं. तिनं पेटीवरचा हात काढला आणि दोन्ही हात गाठोड्याकडं पसरले.

“द्या इकडं,” ती म्हणाली. “भूक लागलीया तिला...”